ज्याचा सूर त्याला

माझी माय आठवडी बाजारात मासे विकते आणि मी जंगलाच्या गेटवर गाईड आहे. दोघींची पोटं बोलण्यावर चालतात, आणि बोलायचं कसं हे मी तिच्याकडूनच शिकले.

माय मूळची अहेरीची. तिकडे शेजारी तेलुगू, पलीकडे गोंडी, ऑफिसात हिंदी आणि घरात आपली मराठी, त्यामुळे तिची जीभ लहानपणापासूनच मोकळी. लग्न होऊन ती इकडे चंद्रपूरच्या बाजूला तलावाकाठच्या गावात आली, बाजारात बसायला लागली, आणि तिकडची एक रीत तिनं सोबत आणली. गिऱ्हाईक ज्या सुरात बोलेल त्याच सुरात त्याला उत्तर द्यायचं. सिरोंच्याकडची बाई आली की माय "रा अक्का" म्हणजे 'ये ताई' म्हणते आणि शेवटचं अक्षर लांबवते. कोळसा खाणीच्या कॉलनीतला बिहारी भैया आला की तिची हिंदी त्याच्यासारखीच झुलते. वरोऱ्याकडचा शेतकरी आला की मराठीही हेल बदलते. आमच्याकडे याला कोणी नक्कल म्हणत नाही. परक्याला बसायला पाट द्यावा तशी ती रीत आहे. जी बाई सगळ्यांशी आपल्याच सुरात बोलते, तिच्याबद्दल लोक म्हणतात, लय भाव खाऊन राह्यली.

तर मी हीच रीत इंग्रजीला लावली.

शाळेत असताना मला वाटायचं, इंग्रजी म्हणजे एकच, पुस्तकातलं. गेटवर सफारीच्या जिप्सींत बसलेल्या विदेशी पाहुण्यांचं बोलणं कानावर पडायला लागलं आणि डोळे उघडले. स्कॉटलंडची एक बाई 'र' असा घोळवायची की वाटावं, कोरपन्याचे आमचे मामाच बोलतायत. लंडनचा एक पोरगा 'ट' गिळूनच टाकायचा. एक ऑस्ट्रेलियन प्रत्येक वाक्य प्रश्न विचारल्यासारखं वर नेऊन सोडायचा. मला तर खजिनाच सापडला. घरी भांडी घासताना मोबाईलवर तिकडच्या शेतकऱ्यांचे, मेंढपाळांचे व्हिडिओ लावायचे आणि त्यांच्यामागून बोलायचं. नवरा दारातून विचारायचा, "आज कोण्या गावची मेम झाली वं?" आणि मी गाव सांगायची.

पण गेटवर माझं इंग्रजी कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. विदेशी पाहुणे आले की रिसॉर्टचा मॅनेजर बाहेरून आणलेला गाईड द्यायचा. गावच्या बायकांनी देशी पाहुण्यांना हरणं दाखवायची, असा त्याचा हिशेब. मी त्याच्या इतकं मागे लागले की शेवटी वैतागून तो म्हणाला, उद्या इंग्लंडचं एक म्हातारं जोडपं येतंय, ते खूश झाले तर यापुढे विदेशी पाहुणे तुझे. मी त्या रात्री युनिफॉर्मला इस्त्री केली, आणि मग परत एकदा केली.

सकाळी जिप्सीत बाई बोलत होत्या, स्वच्छ, बातम्यांसारखं. साहेब मोजकंच बोलत होते, तेही तसंच इस्त्री केलेलं. पण माझा कान मला सांगत होता की या इस्त्रीखाली काहीतरी दुसरं आहे. मध्येच एखादा 'कप' त्यांच्या तोंडून 'कुप' होऊन निसटत होता. उत्तरेकडचे आहेत, मी मनात म्हटलं, आणि मला उगाचच आनंद झाला.

नाल्याच्या वळणावर अस्वल निघालं. पाठीवर पिल्लू, आणि चालणं असं की रस्ता तिच्या बापाचाच. साहेब उभेच राहिले. त्यांची सगळी इस्त्री मोडली. "कुम् ऑन, लास," ते त्या अस्वलाला म्हणाले, "कुम् ऑन, लुव्ह." लास म्हणजे पोरी. इतका मायाळू सूर मी मोबाईलवर कधी ऐकला नव्हता. मग मी काय गप्प बसणार होते? मी मागे वळले आणि त्यांच्याच सुरात, तसाच 'उ' गोल करून, तसंच वाक्य खाली टाकत म्हटलं, की ही आपली रोजची पोरगी आहे, साहेब, तुम्हालाच भेटायला आलीय.

त्यांचा चेहरा उतरला. ते खाली बसले आणि गेटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बाई कॅमेऱ्याचा पट्टा उगाच गुंडाळत राहिल्या. माझं काय चुकलं ते मला कळेना, आणि विचारायची हिंमत होईना.

दुपारी मॅनेजरचा फोन आला. पाहुण्यांची थट्टा करतेस का, असं तो विचारत होता. उद्यापासून दुसरा गाईड. मी सांगायला गेले की थट्टा नव्हती, तो मान होता, पण त्यानं फोन ठेवला होता. मला राग आला, असा की हातातला तांब्या मी आपटला आणि त्याला पोचा पडला. मान दिला तर थट्टा म्हणतात, असली कसली माणसं? मग रडूही आलं. पण तो दिवस बाजाराचा होता आणि मायला मासे कापायला माझा हात लागतो, म्हणून तोंड धुऊन गेले.

आणि तासाभरात तेच दोघं बाजारात. मॅनेजर पाहुण्यांना बाजार बघायला पाठवतोच. मला बघून साहेब थबकले. मी मान खाली घालून मरळ कापत राहिले. बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण माय तिचा धंदा करत होती. एक तेलुगू बाई आली, "रा अक्का" झालं. कॉलनीतला भैया आला, हिंदी झुलली. एक गोंड आजोबा आले, तर माय त्यांच्याशी इतकं हळू बोलली की मलाही नीट ऐकू आलं नाही, आणि जाताना आजोबा हसत होते. साहेब जागचे हलले नाहीत. भाषा त्यांना एकही कळत नव्हती, पण माय प्रत्येकाजवळ वेगळी होते हे कोणालाही दिसत होतं.

बाईंनी मला विचारलं, या लोकांना राग नाही येत? मी साध्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, की राग कशाला येईल? लांबून आलेल्या माणसाला त्याच्या सुरात उत्तर दिलं, तर त्याचा अर्थ, बस, हे तुझंच घर आहे. सकाळी मीही तेच म्हणत होते.

साहेब मायच्या टोपलीजवळ सरकले. मग म्हणाले, त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत होते. ते स्वतः शिकून लंडनला नोकरीला गेले, तर ऑफिसातली पोरं त्यांचं प्रत्येक वाक्य त्यांच्यासारखं बोलून दाखवायची आणि हसायची. मग त्यांनी तो सूर कपाटात ठेवला तो कायमचा.

एवढ्यात मायनं विचारलं, "हा भाऊ कुठचा वं? काऊन उदास दिसून राह्यला?"

मी सांगितलं, लांबचे आहेत, पण कोळसा खाणीच्या घरातले.

"कोळशावाला?" माय म्हणाली. "मंग आपल्या भद्रावतीच्या खाणीकडचाच समज त्याले." आणि तिनं सगळ्यात मोठी मरळ उचलून त्यांच्यासमोर धरली.

साहेब त्या माशाकडे बघत राहिले आणि मग त्यांच्या तोंडून अख्खं वाक्य आलं, गावाकडचं, गोल, जड, खाली पडणारं. मासा झकास आहे असं काहीतरी. मायला अर्थाशी देणंघेणं नव्हतं. तिनं सूर पकडला. "घेऊन जाय ना भाऊ, आताच तलावातून काढली," हे आमच्या झाडीपट्टीच्या बोलीतलं वाक्य तिनं असं खाली टाकलं की वाटावं, ती त्यांच्याच खाणीच्या वस्तीत वाढली. साहेब लालबुंद झाले. मग हसायला लागले, आणि हसता हसता उत्तर देत सुटले. ते इंग्रजीत, माय मराठीत, सूर मात्र एक. बाईंनी माझा दंड धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, सासूबाई गेल्यापासून मी हे ऐकलं नव्हतं.

मग चहा झाला. मायच्या उलट्या टोपलीवर बसून साहेबांनी मला त्यांच्या बोलीची कुळकथा सांगितली. फार पूर्वी समुद्रापलीकडून माणसं जहाजांनी आली, त्यांच्याकडे राहिली, शेती करू लागली, आणि नाल्यासाठी, लेकरासाठी आपले शब्द ठेवून गेली. इंग्रजीतही आधी आपल्यासारखा 'तू' होता, तो राजधानीतून उठून गेला, पण त्यांच्याकडे घरच्या माणसांसाठी तो टिकला. नंतर खाणी आणि गिरण्या निघाल्या, गावोगावची माणसं एकत्र आली आणि दर खोऱ्याचा सूर वेगळा झाला. मोठ्या शाळांतल्या श्रीमंत पोरांची बोली रेडिओवर गेली, म्हणून तिला शुद्ध म्हणायला लागले. मी पुण्याचं नाव घेतलं नाही, पण मला हसू आलं. म्हटलं, आमच्याकडे 'मले, तुले' म्हटलं की मास्तर कान धरायचे. ते म्हणाले, आमच्याकडेही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मॅनेजरचा फोन. साहेबांना तूच पाहिजेस म्हणे, उरलेल्या सगळ्या फेऱ्यांना. त्याचा आवाज लोण्यासारखा झाला होता.

जिप्सी निघाली तसे साहेब पुढे वाकले. म्हणाले, माझं इंग्रजी तू बोललीस. आता तुझं ऐकव.

आणि मी अडकले. माझं इंग्रजी? माझ्याकडे स्कॉटलंडचं होतं, लंडनचं होतं, ऑस्ट्रेलियाचं होतं. माझं म्हणून मी कधी बोललेच नव्हते. नाल्याच्या वळणावर काल अस्वल गेलं तिथली माती ओली होती, त्यात तिचे पंजे उमटले होते. मी कोणाचाही सूर न धरता सांगायला लागले, की रात्री ही इथून परत गेली, पिल्लू खाली उतरून चाललं. इंग्रजी शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले ते आमच्या तलावावरून हाक मारल्यासारखे, मध्ये ओढलेले, शेवटी उचललेले. मलाच नवल वाटलं.

मागून साहेबांनी ते वाक्य परत म्हटलं. माझ्यासारखं ओढून, माझ्यासारखं उचलून, बरंचसं चुकत.

क्षणभर मला चटका बसला. कान तापले. हा माणूस काल गेटपर्यंत का बोलला नाही, ते मला तेव्हा आतून कळलं. मी मागे वळून पाहिलं. ते हसत नव्हते. नीट जमलं का, असं विचारत असल्यासारखे माझ्याकडे बघत होते.

"हाव साहेब," मी म्हटलं, "बसा, तुमचंच घर आहे."