वाकड्या दस्त्याची दुनळी

आमच्या घरची दुनळी बंदूक वाकडी आहे, हे टोकावड्याच्या आसपास सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबांनी ती आटगावच्या एका वखारवाल्याकडून घेतली, तेव्हापासून तिचा बार डावीकडे जायचा. समोर डुक्कर असायचं आणि फांदी तुटायची बाजूच्या आंब्याची. शिवाय बार काढताना मागचा लाकडी दस्ता गालावर असा आपटायचा की आधी आजोबांचा आणि पुढे बाबांचा उजवा गाल सुजलेलाच असायचा. डुकरानं मारलं का, असं लोक विचारायचे. बाबा हसून घालवायचे, पण त्यांना ते लागायचं. गावात परवान्याची बंदूक एकट्याकडे आणि नेमाच्या नावानं बोंब, म्हणजे हसंच.

दोष कुणाचा हे घरात ठरलेलं होतं. माझा. मी डावरी. लहानपणी दसऱ्याला पाटावर कोयते, विळे आणि बंदूक मांडली होती, तेव्हा मी डाव्या हातानं झेंडू वाहिला आणि आत्यानं माझा हात झटकला. त्या दिवसापासून मी बंदुकीला शिवायचं नाही असा कायदा झाला. माझा जन्म व्हायच्या आधीही ती डावीकडेच मारत होती, एवढं साधं कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. दुसरं मत असं की लाकूड पावसाळ्यात मुरडलं. म्हणून आजोबांनी एक अख्खा पावसाळा दस्ता भाताच्या पोत्यांखाली दाबून ठेवला होता. लाकूड अक्रोडाचं, ते कुणाला ऐकतंय.

गेल्या वर्षी बंदुकीच्या वारसाचा प्रश्न आला. बाबांनी सत्तरी केव्हाच ओलांडली, डोळ्यांनी नीट दिसत नाही, हात थरथरतात. परवाना मुलांपैकी एकाच्या नावावर करायचा, नाहीतर बंदूक सरकारजमा करायची. थोरला भाऊ कल्याणला असतो. त्याचं म्हणणं, देऊन टाका; निवडणूक आली की पोलीस स्टेशनात नेऊन द्या, मग परत आणा, ही कटकट कोण करणार? मी करणार होते. मी लग्न केलं नाही, शेती केली. नाचणी तयार झाली की डुकरं येतात आणि पत्र्याचा डबा बडवून मी त्यांना हाकलते. डब्याला ती आता भीक घालत नाहीत. नुसता हवेत बार काढला तरी पळतील. मला बंदूक हवी होती आणि मी तसं तोंडावर सांगितलं. बाबांनी मान हलवली. बायमाणसाला बंदूक कशाला, म्हणाले. दादाचं ऐकायचं ठरलं, आणि जमा करण्याआधी ती पुसून ठेव, असं मलाच फर्मान सुटलं. मी चिडले, पण नाही म्हणाले नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या हातात येत होती.

सकाळच्या उन्हात ओटीवर बसले. बाबांनी सांगितलं तशी वरची कळ अंगठ्यानं सरकवली आणि दोन्ही नळ्या खाली झुकल्या. आत बोट घालून रिकाम्या असल्याची खात्री केली, बाबांनीही केली. मग पुसायला लागले. चापाच्या वरच्या पोलादी पट्ट्यांवर वेली कोरलेल्या होत्या, आणि एकही पान दुसऱ्यासारखं नव्हतं. नक्षी हातानंच कोरली होती. नळ्या मिटल्या तेव्हा खट्ट असा आवाजही झाला नाही, चांगल्या डब्याचं झाकण बसावं तशा त्या बसल्या. जोडावर नख फिरवलं तर कुठं अडकेना. आणि स्क्रू! प्रत्येक स्क्रूची खाच नळीच्या रेषेत, एकही तिरपी नाही.

मी फडकं खाली ठेवलं. ज्या माणसाला स्क्रूची खाच तिरपी चालली नाही, तो दस्ता वाकडा ठेवेल? छे. दस्ता मुरडलेला नव्हता, मुद्दाम वळवलेला होता. आणि तो वळला होता डावीकडे.

मी उठले, डोंगराकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि बंदूक डाव्या खांद्याला लावली. गाल आपोआप लाकडावर टेकला. डोळे उघडले तर दोन नळ्यांमधली पट्टी सरळ समोर, तिच्या टोकाला नेम धरायची माशी, आणि माशीच्या मागे मी पाहत होते तेच पळसाचं झाड. उजव्या खांद्याला लावून पाहिली तर मान मोडायची वेळ आली. ती कुठल्यातरी डावऱ्या माणसाच्या मापानं बनवलेली होती, आणि आमच्याकडे दोन पिढ्या ती उजव्या खांद्याला लावून गाल फोडून घेत होत्या.

बाबांना सांगितलं. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून मी दस्ता त्यांच्या तळव्याखाली दिला. ते वळणावरून हात फिरवत राहिले, खाली, वर, पुन्हा खाली.

"म्हंजे माझा नेम वाईट नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता, बाबा."

त्यांचा चेहरा पाहून मला भडभडून आलं. मग त्यांनी दादाला फोन लावायला सांगितला. बंदूक जमा करायची नाय, ती हिच्या मापाची हाय, हिच्या नावावर करतो, एवढंच बोलून फोन माझ्या हातात दिला.

मला आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ रागही आला. मी तो गिळला नाही. म्हटलं, इतकी वर्षं शेत राखलं त्याचं काही नाही, लाकूड डावीकडे वळलेलं निघालं म्हणून बंदूक मिळाली. शेताच्या वाटणीच्या वेळीही असंच माप घेणार का?

बाबांनी माझ्या दिशेनं मान वळवली. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"शेताचं काय इचारतेस गो? ते तुझंच हाय. दादाला मी कवाच सांगितलंय."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.