दृष्टीपुरतं पाणी

दुधातलं पाणी ओळखायला उपकरण लागत नाही. स्टीलचं ताट तिरपं धरायचं आणि वरून दुधाचा एक थेंब सोडायचा. चांगलं दूध सावकाश उतरतं आणि मागे पांढरी रेघ ठेवतं. पाणी घातलेलं दूध लगेच पळतं, मागे काही ठेवत नाही. गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांना मी बिडकीनला हे शिकवत असे. सोबत एक नियमही सांगत असे: जे दिसलं ते सांगा, विकणाऱ्याचं नाव घेऊ नका.

नियम कागदावर ठीक होता. पैठण रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात तो चालला नाही, कारण तिथे दूध विकणारी एकच बाई होती आणि ती आमच्या स्वयंसेविकेची सासू होती.

प्रात्यक्षिक अंगणवाडीच्या ओट्यावर ठेवलं होतं. सुरू होण्याआधी स्वयंसेविकेने मला बाजूला घेतलं.

"मॅडम, दूध राहू द्या. मिरची तपासू."

"बायका दूधच घेऊन आल्यात."

"व्हय. आन मला संध्याकाळी त्याच घरी जायचंय."

मग मी तपासते, असं मी सुचवलं. तिने थोडा विचार केला.

"मग तर गावच म्हणंल, हिला माहीत होतं म्हणून हात लावला नाय."

तिने ताट उचललं.

सासू पहिल्या रांगेत बसली होती. पहिल्या तांब्यातला थेंब ताटावरून सरळ खाली गेला. रेघ उमटली नाही. पुढच्या दोन तांब्यांचंही तेच झालं. स्वयंसेविका ताटाकडेच बघत म्हणाली, "ह्यात पाणी हाय." नाव घेतलं नाही. सगळ्या बायकांनी एकाच दिशेला पाहिलं.

सासू जागची हलली नाही. "हाय की. मी कुठं नाय म्हणते? पाण्याचा थेंब टाकल्याबिगर दूध उंबऱ्याबाहेर जात नसतं. म्हशीला नजर लागती."

ही समजूत त्या गावात जुनी आहे आणि ती कुणी खोडली नाही. मागून एक म्हातारी फक्त म्हणाली, "थेंब टाकती का घागर, तेवढं सांग बये. आमच्या चहाला आता कुणाची नजर बी लागंना."

हसणं ओसरायला वेळ लागला. स्वयंसेविका हसली नाही. सासू उठली आणि सुनेच्या हातातलं ताट काढून घेऊन गेली. ताट घरचं होतं.

पुढच्या प्रशिक्षणाला स्वयंसेविका उशिरा आली. घरी कसं आहे, असं मी विचारलं.

"आत्याबाई बोलत नायत."

"अजिबात?"

"कामं सांगत्यात. म्हशीला. बाई, तिला म्हणावं पेंड भिजव. म्हैस माझ्याकडं बघती, मी पेंड भिजवते."

रतीब घालायचं कामही आता तिच्याकडेच दिलं होतं. दारोदार बायका ताटं तिरपी धरून तयार असत. थेंब उतरेपर्यंत तिला प्रत्येक उंबऱ्याशी उभं राहावं लागे. उशीर त्यामुळे झाला होता.

काही महिन्यांनी मी पाहणीसाठी तिच्या घरी गेले. सासूने नुकतीच धार काढली होती. तिने तेच ताट बाजेला टेकवलं आणि एक थेंब सोडला. तो सावकाश उतरला. पांढरी रेघ राहिली. मग तिने पाण्याच्या तांब्यात बोट बुडवलं, दुधाच्या किटलीवर झटकलं आणि सुनेकडे रोखून पाहिलं.

सून म्हशीकडे वळली. "बाई, त्यांना सांग, येवढ्यानं रेघ मोडत नाय."

म्हैस रवंथ करत राहिली. सासूने किटलीला झाकण लावलं.

"तिला काय कळतंय त्यातलं?" ती सुनेला म्हणाली. "मॅडमला चहा टाक."