वळलेल्या माना

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एका माणसावर लिहायचं धाडस करतोय, चुकलं तर माफ करा.

आमच्या गल्लीतला अण्णा भालकीत नाटकांची पोस्टरं करायचा. बसस्टँडवर पोस्टर लावून उदगीरच्या गाडीसाठी थांबलेल्यांच्या माना बघत समोर उभा राहायचा. एकही मान वळली नाही, तर स्वतःच पोस्टर फाडायचा.

सिनेमाच्या जाहिराती करायच्या म्हणून तो दुबईला गेला आणि दुकानांच्या पाट्या रंगवत बसला.

फोनवर मी म्हणालो, "अण्णा, परत ये की."

"कामून? इथल्या माना लई ताठ हायत. वळवल्याबिगर येत न्हाई."

काल कळलं, त्याचं पहिलं सिनेमाचं पोस्टर तिथं लागलं. त्यानं फोटोही पाठवला. त्यात पोस्टर नव्हतंच. बसथांब्यावरची माणसं होती, सगळी मान वळवून बघणारी.