मूळपुरुषांची पट्टी

दुधातलं पाणी वेगळं काढण्याची दृष्टी पूर्वी राजहंसाला होती. पुढे ती आमच्या शेजारच्या काकांना लाभली आणि त्यांनी ती मोटारीच्या दारावरच्या चकाकत्या पट्ट्या पारखण्यात खर्च केली. 'ही मूळची नव्हे' हे त्यांचं पालुपद. त्यावरून सगळी कॉलनी त्यांना मूळपुरुष म्हणे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

सत्तरच्या दशकात ते ओझरच्या विमान कारखान्यात सुटे भाग तपासत. घरी सासऱ्यांची जुनी विलायती मोटार होती. फिकट निळी, उभ्या उभ्या डुलकी लागल्यासारखी. सासरे निफाडचे कापड दुकानदार. ते गेल्यावर गाडी लेकीकडे आली, पण डाव्या दाराची पट्टी गळालेली. काकूंना बाबांच्या गाडीतून एकदा माहेरी जायचं होतं. काका म्हणत, "जाऊ. पट्टी मिळू दे. बाबांच्या दारात त्यांची गाडी अर्धवट न्यायची नाही."

मुंबईच्या भंगार बाजारातून पट्ट्या येत. काका त्या उन्हात धरत, नखानं वाजवत, डोळे मिटून बोट फिरवत आणि शेवटी उलट्या करत. मूळ पट्टीच्या पाठीला पितळी चिमटे असत. ते नसले की पट्टी परत. "पुढून सगळ्याच चकाकतात. खूण पाठीमागे असते." हा नियम ते पुढाऱ्यांनाही लावत, त्यामुळे त्यांना कुठल्या सत्काराला कोणी बोलावत नसे.

थंडीत गोदेकडून धुकं यायचं. काकू गाडीत बसून भाजी निवडायच्या. आमच्या खिडकीतून वाटायचं, त्या लांब कुठेतरी निघाल्यात आणि गाव मागे सरकतंय. गाडी अर्थात जागची हलत नसे.

अशाच एका सकाळी मेथीची जुडी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "तुमची पट्टी येईपर्यंत मी तरी मूळची राहीन का? आज निघायचं." काकांनी किल्ली आणली. मीही मागे बसलो. द्राक्षबागांमधून गाडी इतकी हळू गेली, की वाटेतल्या बायकांशी काकूंना चार शब्द बोलता आले.

निफाडला काकूंच्या भावजयीनं भाकरतुकडा ओवाळून आम्हाला आत घेतलं. काका देवघरापुढे वाकले ते वाकलेलेच राहिले. देवांच्या फळीच्या कडेला चकाकती पट्टी ठोकलेली होती. त्यांनी ती नखानं वाजवली. डोळे मिटले. मग ती काढून पाठ बघू का, असं विचारलं.

"देवाला लावलेलं काढत नाय आम्ही, दाजी," वहिनी म्हणाल्या. "बघायचीच आसंल तर येत जा की इकडं."

काकू पदराशी चाळा करत उभ्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा पट्टीकडे पाहिलं.

"मूळचीच आहे," ते म्हणाले. पाठ न बघता दिलेला हा त्यांचा एकमेव निकाल.

त्यानंतर दर महिन्याला गाडी पट्टीच्या दर्शनाला निफाडला जाऊ लागली. काका दोन मिनिटं देवघरापुढे उभे राहत आणि काकू दोन दिवस माहेरी. असं कित्येक वर्षं चाललं.

काका गेल्यावर गाडी विकायची ठरली. मी काकूंना म्हटलं, आता तरी वहिनींकडून ती पट्टी मागून घ्या, गाडी पूर्ण होईल.

त्या म्हणाल्या, "ती बाबांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटाची आहे. जोडीची दुसरी अजून कपाटालाच आहे."