ताण्यावरचा हात

त्या दिवशी गुरुजींनी माझ्या बहिणीला शाळेतून काढलं. तिचं नाव नरसू. ती चौथीत होती, मी सातवीत.

शाळा पाहायला एक वकीलसाहेब आले होते. सगळे वर्ग एकत्र बसवले होते. गुरुजींनी नरसूला कविता म्हणायला उभं केलं. तिनं एक म्हटली. लगेच दुसरी. मग तिसरी. शब्द एकमेकांवर पडू लागले. मध्येच ती स्वतःशी हसली. आपली पेन्सिल पुढच्या मुलीला देऊन टाकली आणि कानातले डूल काढू लागली, तेही द्यायला.

वकीलसाहेबांनी भुवया उंचावल्या. गुरुजी म्हणाले, "बापाचं रक्त आहे, साहेब. विणकर आहे तो. लहर आली की झोपत नाही, माग हाणत बसतो, विणलेली लुगडी वाटेवरच्या बायकांना वाटून टाकतो. मग भिंतीकडे तोंड करून पडतो, तो उठत नाही. हिचं तसंच सुरू झालंय. हिच्या भावानंच सांगितलं."

"म्हणजे वेडाचं बियाणं! आणि तुम्ही त्याला पाणी घालताय?" वकीलसाहेब म्हणाले.

सगळे हसले. गुरुजीही.

"पाटी उचल. उद्यापासून येऊ नकोस," गुरुजी नरसूला म्हणाले.

नरसू हसतच बाहेर गेली. तिला वाटलं, सुट्टी मिळाली.

होय, सांगितलं होतं मीच. मला वाचायला पुस्तकं गुरुजीच देत. विटाळ नको म्हणून हातात देत नसत. ओसरीच्या पायरीवर ठेवत, मी उचलून घेई. तरी सोलापुरात एवढी पुस्तकं मला दुसरं कोण देणार होतं? त्याच पायरीवर बसून मी त्यांना म्हणालो होतो, नरसू कधी झोपत नाही, कधी दिवसचे दिवस बोलत नाही. आमच्या नायनाचं, म्हणजे वडिलांचं, असंच होतं; रात्रभर माग हाणतात, लुगडी वाटून टाकतात, मग भिंतीकडे तोंड करून पडतात. याला औषध असेल का? त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "डॉक्टरांना विचारतो. हे तुझ्या-माझ्यात."

वर्गात माझंच सांगणं त्यांच्या तोंडून आलं. एकही गोष्ट गाळली नव्हती.

शाळेतली गोष्ट पोरांबरोबर आमच्या गल्लीत पोचली. आमची गल्ली विणकरांची. ताणा, म्हणजे उभं सूत, रस्त्यावर लांबच लांब ताणायचं, त्याला खळ लावायची आणि ओली असतानाच कुंच्यानं सूत सारखं करायचं. हे एका घराचं काम नव्हे. ज्याचा ताणा, त्याच्याकडे सारी गल्ली येते. हाक मारावी लागत नाही. आमची आई, अम्मा, प्रत्येकाच्या ताण्याला गेली होती.

आमच्या ताण्याचा दिवस आला. नायना आत भिंतीकडे तोंड करून. दारांतून माणसं बघत उभी. शेजारचे मामा तेवढे पुढं आले. अम्माला म्हणाले, "पोरीचा हात लावू नगंस. असल्या हातानं दोरा तुटतोय. तिला आत घाल, मग येतो की आमी."

नरसू कुंचा धरून उभी होती. त्या दिवशी ती गप्प होती. तिनं कुंचा खाली ठेवला. मी उचलून परत तिच्या हातात दिला.

"मग नका येऊ, मामा," मी म्हणालो.

अम्मा, नरसू आणि मी, तिघांनी ताणा केला. ऊन चढलं. या टोकाला पोचेपर्यंत त्या टोकाची खळ वाळून कडक होई. दोरे तुटू लागले.

"बघा," मामा दारातून म्हणाले. "म्हनलो नव्हतो?"

तेव्हा मला कळलं. दोरे नरसूच्या हातानं तुटले नव्हते. जे हात आले नाहीत, त्यांच्यामुळे तुटले होते. आणि जे आले नाहीत, तेच आता तुटलेला दोरा दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला घरी बोलावलं. पायरीवर नवं पुस्तक ठेवलेलं. म्हणाले, "तू परीक्षेला बस. तू हुशार आहेस. तुझ्यात ते काही दिसत नाही."

मी नवं पुस्तक उचललं नाही. जुनं परत आणलं होतं, तेही पायरीवर ठेवलं नाही. हात पुढं केला.

"ठेव तिथं," ते म्हणाले.

"हातात घ्या, गुरुजी. माझ्यात बी तेच रक्त हाय. ती वर्गात नको असेल तर मी पण नको."

त्यांनी घेतलं नाही. मी ते जुनं पुस्तक घेऊन घरी आलो. पुढं दुसऱ्या शाळेत शिकलो. नरसूला कुठल्याच शाळेनं घेतलं नाही. तिला कुणी औषध दिलं नाही, अंगारे दिले. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात ती भिंतीकडे वळली आणि जेवायची थांबली. गल्ली आली ती तिला खांदा द्यायला.

गुरुजींवर मी विश्वास ठेवला, ही माझी चूक नव्हती. तो मोडला त्यांनी.

आता माझी मुलगी, नरसूला शाळेतून काढलं तेव्हा ती होती, तेवढी होत आली आहे. काही दिवस ती फार भरभर बोलते. मी ते लपवणार नाही. मी डॉक्टरांकडे जातो, तिला बरोबर नेतो आणि तिच्याबद्दलचं सगळं तिच्यासमोर सांगतो. तिच्या मास्तरांनाही सांगितलं आहे, आणि हेही की तिला वर्गाबाहेर काढलं, तर तिच्या जागेवर मी येऊन बसेन.

नायना गेले, अम्मा गेली, नरसू गेली. गुरुजींचं पुस्तक अजून माझ्याकडे आहे. नरसूची पाटी मुलगी वापरते.