लोणावळ्याला उतरणारे मामा

वाट बघणं ही गोष्ट या जगात कुणालाच नीट येत नाही. ती फक्त माझ्या बायकोच्या मामांना येत असे. तुम्हीआम्ही फलाटावर ट्रंकेवर बसून तोंड आंबट करतो. मामा मात्र दोन गाड्यांमधला रिकामा वेळ म्हणजे देवाने वरकड दिलेलं आयुष्य समजत आणि त्यातलं मिनिटही वाया जाऊ देत नसत. सगळा जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेल्यामुळे असेल, पण गाडीत बसण्यापेक्षा गाडीतून उतरण्यावर त्यांची भक्ती जास्त. ते राहायचे तळेगावला. तिथून मुंबईला सरळ नेणारी गाडी मिळत असूनही मामा लोकलने लोणावळ्याला येत, उतरत आणि पाऊण तासाने पुढची गाडी धरत. एकदा मला पुण्याला न्यायचं म्हणून निघाले आणि आधी उलटे लोणावळ्याला घेऊन आले. आपण जातोय की परत येतोय, हे मला मामांबरोबरच्या कुठल्याच प्रवासात शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या पाऊण तासाचा कार्यक्रम पार्सलाच्या जुन्या लेबलाच्या पाठीवर लिहिलेला असे. आधी फलाटाच्या टोकाच्या नळावर तोंड धुणं, कारण "एवढं गार पाणी अख्ख्या लाइनीवर नाही." मग बाजारात दोन दुकानांतली गुडदाणी चाखून तिसऱ्यातून घेणं, आणि वेळ उरलाच तर स्टेशनाबाहेरच्या न्हाव्याकडे दाढी. एकदा दाढी अर्धी झाली आणि गाडीने शिट्टी दिली. मामा साबणासकट धावले. त्या दिवशी दादरला माझ्या मेहुण्यासाठी मुलगी बघायची होती. मामा तिथे उजवा गाल भिंतीकडे करून दोन तास बसले. मुलीकडच्यांना वाटलं, यांची मान आखडलीय. निघताना त्यांनी चोळायला तेलाची बाटली दिली. लग्न जमलं, ही गोष्ट वेगळी.

हे वेड मामांनी एकाच माणसाला शिकवलं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, शकूला. मामी लवकर गेल्या, त्यामुळे ती मामांचं बोट धरून फलाटांवरच वाढली. गाडी थांबली की बसून राहायचं नाही, हा तिचा पहिला धडा. पुढे लग्न होऊन ती नैरोबीला गेली आणि मामांनी चार वर्षं तिच्या पत्रांवर काढली. मग एका मे महिन्यात पत्र आलं. तिच्या नवऱ्याची सिंगापूरला बदली झाली होती आणि तो आधीच पुढे गेला होता. तिचं विमान सकाळी सांताक्रूझला उतरणार होतं आणि पुढचं संध्याकाळी निघणार होतं. "अण्णा, उन्हातान्हाचं भेटायला येऊ नका, डॉक्टरांनी दगदग नको म्हटलंय," असं तिने मुद्दाम लिहिलं होतं. मामांच्या छातीत त्या हिवाळ्यात एकदा दुखून गेलं होतं.

मामांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. "जावईबापू, पोरगी दिवसभर विमानतळावर एकटी काय करील? आपण जायचं. तिला कळवायचं नाही."

"पण मामा, या खेपेला लोणावळ्याला उतरायचं नाही," मी बजावलं. त्यांनी मान डोलावली, आणि त्या सकाळी आम्ही लोणावळ्याला उतरलो. "फक्त करवंदं घ्यायचीत," मामा म्हणाले.

स्टेशनाच्या कुंपणाशी आंदर मावळातली एक ठाकर मावशी टोपली घेऊन बसली होती. करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ शकू लहानपणी तासन्‌तास खेळायची. तिला कोंबडे आवडत, म्हणून मामांना टोपलीतून निवडून फक्त कोंबडे हवे होते.

"भाऊ, आत लाल का पांढरं, फोडल्याबिगर कसं कळंल?" मावशी म्हणाली.

"मग फोडून घेऊ."

"आन फोडल्यालं लेकीला नेनार व्हय?"

हा मुद्दा मामांना फार पटला. त्यावर ते विचार करत राहिले आणि आमची गाडी निघून गेली.

मी आयुष्यात पहिल्यांदा मामांवर ओरडलो. पुढची गाडी दुपारी बाराला होती. चार वर्षांनी लेक येतेय आणि तुम्ही करवंदं निवडताय, असं काहीबाही बोललो. मामा बाकावर बसले. करवंदांनी भरलेला पळसाच्या पानाचा द्रोण मांडीवर धरून ते रुळांकडे बघत राहिले, आणि मला माझीच लाज वाटायला लागली.

अकराच्या सुमाराला मुंबईहून पुण्याची गाडी आली. घाट चढवणारी मागची इंजिनं इथे सोडतात, तेवढा वेळ ती थांबते. एका डब्यातून निळ्या साडीतली एक बाई उतरली, सरळ फलाटाच्या टोकाच्या नळापाशी गेली आणि तोंड धुवायला लागली. मामा उठले. द्रोण कलंडला.

"शके!"

"अण्णा? तुम्ही इथे कसे? मी तर तळेगावला निघालेय!"

"आणि मी सांताक्रूझला!"

पुढची पाच मिनिटं कुणी कुठल्या गाडीत बसायचं, हे आम्हा तिघांनाही कळेना. शकू मामांना पुण्याच्या गाडीकडे ओढत होती, मामा तिला मुंबईच्या फलाटाकडे, आणि शिट्टी झाल्यावर मी डब्यात चढून भलत्याच माणसाची वळकटी खाली घेतली. ती परत देऊन शकूची बॅग घेईपर्यंत गाडी हलली होती. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. आम्ही आमची गाडी पकडली असती तर घाटात कुठेतरी या गाडीला ओलांडून गेलो असतो. तिला तळेगावला कुलूप दिसलं असतं आणि आम्हाला विमानतळावर रिकामी खुर्ची.

बाराच्या गाडीने तिघं मुंबईला निघालो. मामा खिडकीशी, शकू शेजारी, मध्ये सांडून पुन्हा गोळा केलेली करवंदं. एकेक फोडत होते. "कोंबडी." "नाही अण्णा, कोंबडाच आहे, नीट बघा." कर्जतला गाडी बराच वेळ थांबली. वडेवाले ओरडत होते. ज्या माणसाला कर्जतला डब्यात बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, तो जागचा हलला नाही. वडे मीच आणले आणि ते निवून गेले.

शकू पुन्हा आली तेव्हा मामा नव्हते. पण त्या प्रवासानंतर महिन्याभराने मी त्यांना थट्टेने विचारलं होतं, "मामा, त्या दिवशी कर्जतला उतरला नाहीत ते?"

"कर्जत?" ते म्हणाले. "कर्जत कधी लागलं?"