डंपर शिकवणारे ब्रेकभाऊ

ब्रेकभाऊंचा उजवा पाय कधी स्वस्थ नसायचा. आमच्या सोफ्यावर बसले तरी तो फरशी दाबत राही. चंद्रपूरजवळच्या कोळशाच्या खाणीत नवशिक्यांना डंपर शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. ब्रेक गाडी चालवणाऱ्याच्या पायाशी, शेजारी बसलेल्या भाऊंच्या पायाखाली नुसता पत्रा. तरी प्रत्येक उतारावर ते तो पत्रा दाबायचे.

मुलांनो, नव्या नोकरीत महिनोन्महिने नुसतं शिकवतात म्हणून तुम्ही फोनवर कुरकुरता, तेव्हा मला भाऊ आठवतात. मी त्याच खाणीत प्रशिक्षणाचं कामकाज बघायचे. नवशिका गाडीवर असला की फेऱ्या घटत आणि शिफ्टचे साहेब माझ्या टेबलाशी येऊन चिडत. वर्गातच शिकवा, असं त्यांचं म्हणणं. भाऊ म्हणत, "फळ्यावर उतार काढता येते साहेब, उतरता येत नाई."

सविताच्या घरची जमीन खाणीत गेली, त्याबदली तिला नोकरी मिळाली. तिला डंपरच हवा होता. साहेबांनी बजावलं, महिनाअखेर एकटीनं गाडी नेली नाही तर ऑफिसात पाणी द्यायला बसवीन. मग भाऊ जेवणाच्या सुटीतही तिला गाडीवर चढवू लागले.

"आरशात काऊन पाहून नाई राह्यली? टिकली लावाले देला का तो?"

"भाऊ, तुमी पाय थांबवा, मंग पाह्यतो."

शेवटच्या दिवशी भाऊ खाली उतरले आणि नुसतं "जाय" म्हणाले. ती कोळसा भरून निघाली आणि वळणावर थांबली. मागे गाड्यांची रांग लागली. वॉकीटॉकीवर तिनं सांगितलं, रस्त्याची कड खचली आहे, भरली गाडी नेणार नाही. सकाळपासून सगळ्या तिथूनच गेल्या, असं साहेब ओरडले. शेवटी वॉकीटॉकी त्यांनी भाऊंच्या हातात कोंबला. सांगा तुमच्या चेलीला, म्हणाले.

भाऊ येरझारा घालत होते. त्यांनी 'चल' म्हटलं असतं तर ती निघाली असती आणि गाडीही तिच्याकडेच राहिली असती.

"गाडी तिच्या हाती आहे साहेब. तिलेच इचारा."

साहेब स्वतः जाऊन कड पाहून आले आणि त्यांनी भराव घालायला सांगितलं. भराव होईपर्यंत काम थांबलं. त्या दिवशी फेऱ्या कमी भरल्या. संध्याकाळी मात्र साहेबांनीच निरोप धाडला, सविताला गाडी द्या.

दुसऱ्या सकाळी ती दोन कप चहा घेऊन आली. भाऊ नव्या माणसाच्या गाडीत चढत होते.

"आता माह्याकडं काय आहे तुह्यं? फेऱ्या कर, जाय."

दोन्ही कप माझ्या हातात देऊन ती गाडीकडे धावली.